एका दाखल्याला किती खेपा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका ग्रामीण तालुक्यात नायब तहसीलदार म्हणून नुकतेच रुजू झालात आणि 'नागरिकांचा अनुभव सुधारा' असे वरून सांगण्यात आले. त्यानुसार प्रतीक्षागृहाला रंग दिला, पंखे आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली, टोकन यंत्र बसवले, अभिप्रायासाठी क्यूआर कोड लावला. अभिप्रायही चांगले येत आहेत. तरीसुद्धा आमसभेत, आठवडी बाजारात आणि लोकप्रतिनिधींच्या तोंडी 'तहसीलला हेलपाटे मारून चपला झिजल्या' ही तक्रार कायम आहे. तेव्हा चुकते कुठे, असे तुम्ही विचारले आहे.

मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी वर्षे आवक-जावक, संकलन (विषयवार टेबल), सेतू (दाखल्यांचे अर्ज घेणारे केंद्र) आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांची नोंद) यांतच गेली. त्या आधारावर सांगतो की तुम्ही केले ते चुकीचे नाही, पण ते सगळे वाट पाहण्याविषयीचे आहे आणि लोकांची तक्रार खेपांविषयीची आहे. पंख्याखाली बसून वाट पाहणे सुसह्य होते, खेप मात्र वाचत नाही. जो शेतमजूर एका दाखल्यासाठी चार वेळा येतो त्याचे चार दिवसांचे काम बुडते. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीपासून मोफत प्रवास आहे, पण बुडालेल्या रोजंदारीवर कोणी सवलत देत नाही. म्हणून माझा सल्ला एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे: एका कामासाठी माणूस घरातून किती वेळा निघाला, ते मोजा आणि तो आकडा खाली आणा.

आधी तुमच्या अभिप्रायांबद्दल. क्यूआर कोड स्कॅन करतो कोण, तर दाखला हातात पडलेला माणूस, आणि तोही खिडकीसमोर, त्याच लिपिकाच्या नजरेसमोर उभा राहून. ज्याचा अर्ज तोंडीच परत पाठवला, जो तिसऱ्या खेपेनंतर एजंटाकडे वळला, ज्याने नादच सोडला, त्यांच्यापैकी कोणीही तुमच्या अभिप्रायात नाही. शिवाय 'ग्राहक' हा शब्द आपल्याकडे जपून वापरावा असे मला वाटते. किराणा दुकानदार उद्धट निघाला तर माणूस समोरच्या दुकानात जातो. रहिवासी दाखल्यासाठी दुसरे तहसील नसते. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही, तो पाच तारे देतो ते बऱ्याचदा समाधानाने नव्हे, तर पुढचेही काम याच खिडकीवर आहे या जाणिवेने देतो.

त्याऐवजी हे करून पाहा. गेल्या तीन महिन्यांतली निकाली निघालेली वीस, त्रुटीत (कागद अपुरे म्हणून) परत गेलेली वीस आणि नामंजूर झालेली वीस प्रकरणे काढा. अर्जावर दूरध्वनी क्रमांक असतोच. त्या संकलनाशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्याला फोन करायला बसवा. 'आपण समाधानी आहात का' हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर सभ्य माणूस 'हो' असेच देतो. विचारायचे ते असे: या कामासाठी आपण किती वेळा घरातून निघालात? कुठे कुठे गेलात? प्रत्येक वेळी काय सांगून परत पाठवले? कोणाला पैसे द्यावे लागले का, झेरॉक्स आणि अर्ज लिहून देणाऱ्यासह? उत्तरे तालुक्याच्या नकाशावर नाही, तर एका साध्या वहीत लिहा आणि प्रत्येक खेपेसमोर एकच नोंद करा, की ही खेप कायद्याने आवश्यक होती की आपण लावली होती. हे पहिल्यांदा केले तेव्हा आमच्या कार्यालयात बराच वेळ कोणी बोलले नव्हते. आपण लावलेल्या खेपांची यादी एवढी लांब निघेल असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते.

आता हा आकडा आजवर कोणाच्या डोळ्यांत का आला नाही, ते पाहू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हा चांगला कायदा आहे. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशात पहिल्यांदा असा कायदा केला आणि आपल्याकडे तो पाच वर्षांनी आला. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, ती देण्यास जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी आहे, दोन अपिले कार्यालयीन साखळीत आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे अशी रचना आहे, आणि कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु मुदतीचे घड्याळ सुरू होते ते आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत दिला, असे संगणक सांगतो तेव्हा अर्ज 'परिपूर्ण' होण्याआधी झालेल्या खेपा त्या पंधरा दिवसांत कुठेच नसतात. मुदत संपत आली की अर्ज त्रुटीत टाकायचा, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर येते, ही युक्ती तुमच्याही कार्यालयात कोणाला तरी ठाऊक असेल. अहवालात शंभर टक्के सेवा मुदतीत आणि आमसभेत हेलपाट्यांची तक्रार, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात ती अशी.

यावरचा उपाय नवीन नाही, त्याच कायद्यात आणि नियमांत तो लिहिलेला आहे, फक्त पाळला जात नाही. अर्ज आला की पोच द्यायची; कागद कमी असतील तर कोणते कमी आहेत ते त्या पोचवरच लिहायचे; अर्ज नाकारायचा असेल तर लेखी कारण द्यायचे आणि प्रथम अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचे, तेही कळवायचे. तुम्ही फक्त एक कडक शिस्त लावा: त्रुटी एकदाच निघेल. पहिल्या तपासणीत जे लक्षात आले नाही, त्याच्यासाठी अर्जदाराला दुसऱ्यांदा बोलवायचे असेल तर त्या प्रकरणावर तुमची स्वतःची सही लागेल. ही एक अट घातल्यावर 'आज हा कागद आणा, उद्या तो' हा प्रकार आश्चर्य वाटावे इतक्या लवकर ओसरतो, कारण वारंवार सहीसाठी साहेबांसमोर जाणे कोणालाच नको असते. आणि तोंडी परत पाठवणे पूर्ण बंद करा. ज्या अर्जाची पोचच नाही, त्याला मुदत नाही, अपील नाही आणि हिशेबही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: लिपिक जादा कागद मागतो कशासाठी? बाहेरचा माणूस म्हणतो, पैशासाठी. काही ठिकाणी ते खरे आहे आणि त्याचा बंदोबस्त वेगळा आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक लिपिकांच्या मनात पैशापेक्षा भीती मोठी होती. सहा वर्षांनी कोणीतरी तक्रार करील, दाखला खोटा निघेल, चौकशी लागेल, आणि त्या वेळी साहेब बदलून गेलेले असतील, पण टिपणीवर सही आपली असेल. म्हणून तो शिधापत्रिकेसोबत वीजबिल मागतो, वीजबिलासोबत सरपंचाचा दाखला, आणि शासनाने 2015 मध्येच शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र स्वीकारायला सांगितले असतानाही 'एक शपथपत्र असू द्या' म्हणतो. त्या प्रत्येक कागदासाठी अर्जदार एक खेप घालतो आणि लिपिकाला त्याबदल्यात रात्रीची झोप मिळते. त्याला सौजन्याचे प्रशिक्षण देऊन यात काही फरक पडणार नाही, कारण तो उद्धट नाही, तो घाबरलेला आहे.

ही भीती वर घ्या. प्रत्येक सेवेसाठी कार्यालयीन आदेश काढा: रहिवासाच्या पुराव्यासाठी अमुक यादीतील कोणताही एक कागद पुरेसा आहे, त्याहून अधिक मागू नये, आणि या यादीनुसार दाखला दिल्यास पुराव्याच्या पुरेसेपणाची जबाबदारी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची राहील. त्यावर तहसीलदारांची सही घ्या. शासन निर्णयात यादी असतेच; पण शासन निर्णय आणि टेबल यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथेच हे जादा कागद उगवतात. एका तालुक्यात असा आदेश काढल्यावर एका जुन्या अव्वल कारकुनाने मला सरळ विचारले होते, "साहेब, हा आदेश माझ्या फाईलला लावून ठेवू का?" मी म्हटले, प्रत्येक फाईलला लावा. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावरचे जादा कागद बंद झाले.

याच्याच जवळची दुसरी सवय म्हणजे आपलेच कागद लोकांकडून मागवणे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण मी जुन्या सवयीने तलाठीच म्हणणार.) तलाठी तहसीलदारांच्या हाताखालचा. तरीही अर्जदाराने आधी सजेवर (तलाठ्याच्या कार्यालयात) जायचे, तलाठी भेटेपर्यंत थांबायचे, त्याचा अहवाल घ्यायचा आणि तो आपल्यापर्यंत पोहोचवायचा. म्हणजे आपल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर टपाल नेण्याचे शिपायाचे काम आपण त्या माणसाकडून, त्याच्या खर्चाने, करून घेतो. सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आपल्याच संगणकावर दिसतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळतो आणि तो पंधरा रुपयांत कोणालाही उतरवून घेता येतो. असे असूनही अर्जासोबत त्याची छापील प्रत आणि तिच्यावर तलाठ्याचा शिक्का मागितला जातो. जे आपल्याला आपल्या खुर्चीतून पाहता येते ते अर्जदाराकडून मागायचे नाही, एवढा नियम केला तरी उत्पन्न आणि अल्पभूधारक या दोन दाखल्यांतली निदान एक खेप तत्काळ गळून पडते.

एक प्रकरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण खेपा कुठे साचतात हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. ते म्हणजे वारस नोंद. घरातला कर्ता माणूस जातो. मृत्यू नोंदणीसाठी एकवीस दिवसांची मुदत असते, ती बहुतेक जण पाळतात. मृत्यूचा दाखला घेऊन मुलगा तलाठ्याकडे जातो. वारसांची नोंद आधी गाव नमुना 6-क (वारस नोंदवही) मध्ये होते, चौकशी होते, मग नमुना 6 (फेरफार नोंदवही) मध्ये फेरफार धरला जातो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते, मंडळ अधिकारी (तलाठ्याचा वरिष्ठ) नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारावर नावे येतात. ही साखळी कायद्याने आवश्यक आहे आणि तिच्यातून वारसांचे, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुलींचे, रक्षण होते. ज्यांना ती 'सरकारी दिरंगाई' वाटते त्यांना हे समजावून सांगण्यासारखे आहे.

पण समजावून कोणी सांगत नाही, तिथेच घोळ होतो. मुलगा अर्ज देतो आणि चौथ्या दिवशी विचारायला येतो. 'अजून झाले नाही' एवढेच उत्तर मिळते. आठव्या दिवशी पुन्हा येतो. त्याला वाटते की काहीतरी दिल्याशिवाय होत नसावे, आणि त्याला तसे वाटावे हेच एजंटालाही हवे असते. खरे पाहता त्या पंधरा दिवसांत तलाठ्याने ठरवले तरी नोंद प्रमाणित होऊ शकत नाही. अर्ज घेतानाच पोचवर 'नोटिशीची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, त्याआधी येण्याची गरज नाही, त्यानंतर मंडळ अधिकारी निर्णय घेतील' एवढे तारखेसह लिहिले तर दोन-तीन खेपा वाचतात, आणि एजंटाच्या हातातले हत्यारही जाते. दुसरा अडथळा नावाचा असतो. सातबारावर 'रामा गणू', आधारवर 'रामचंद्र गणपत', मृत्यूच्या दाखल्यावर तिसरेच काही. हा दोष आपल्या नोंदींचा आहे, मृताच्या कुटुंबाचा नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम 155 आहे. त्यासाठी स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र तारखा आणि स्वतंत्र खेपा लावण्याऐवजी वारस चौकशीच्या वेळीच जबाब आणि पुरावा एकत्र घेता येतो. तिसरी गोष्ट म्हणजे सगळे वारस एकाच दिवशी हजर करा, असा आग्रह. एक बहीण पुण्याला, एक भाऊ सुरतेला कामाला. सणासुदीला, गावच्या जत्रेला सगळे गावात असतात; तलाठ्याने वारस चौकशीचे दिवस जत्रेला जोडून ठेवले तर जे काम तीन महिन्यांत होत नाही ते दोन दिवसांत होते. हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही, पण जुने तलाठी ते करीत असत.

राज्याने 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली आणि मयत खातेदारांच्या वारसांची नावे गावोगाव जाऊन लावली, तिचे महत्त्व मला याच कारणाने मोठे वाटते. तिथे खेप कार्यालयाने घातली. मृत्यूची नोंद आपल्याकडे येते, सातबारा आपल्याकडे आहे, मग वारसाने अर्ज करण्याची वाट का पाहायची? मोहीम संपली तरी दर महिन्याला मृत्यू नोंदवहीची यादी सजेवर पाठवून हेच काम चालू ठेवता येईल.

आता खिडकीविषयी. पासपोर्ट काढलेल्या कोणालाही विचारा, तो अ, ब, क या तीन खिडक्यांबद्दल सांगेल. 2010 मध्ये बंगळूरु आणि चंदीगडला प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या पासपोर्ट सेवा केंद्रांची रचना अशी आहे की पहिल्या खिडकीवर खाजगी कंपनीचे कर्मचारी छायाचित्र, बोटांचे ठसे आणि कागद घेतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या खिडकीवर तपासणी करणारे आणि मंजुरी देणारे सरकारी अधिकारी स्वतः बसलेले असतात. कागद अपुरा असेल तर त्याच दिवशी, त्याच दालनात, ज्याला अधिकार आहे त्याच्याकडूनच कळते. लोकांना तिथली वातानुकूलित हवा आणि टोकनचा फलक लक्षात राहतो. मला महत्त्वाचे वाटते ते अधिकार खिडकीपाशी आणून बसवणे. याच पासपोर्टमध्ये पोलीस पडताळणीचा टप्पा त्या दालनाबाहेर राहिला, आणि लोकांना वाट पाहायला लागते ती त्याच टप्प्यावर. साखळीतली सर्वांत संथ कडी दालनाबाहेर असेल तर दालन कितीही चकचकीत केले तरी तेवढाच फायदा होतो.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जो मुलगा अर्ज भरून घेतो त्याला अमुक पुरावा चालेल की नाही हे सांगण्याचा अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे तो आत, दोन दारांपलीकडे, लॉगिन उघडून बसलेला असतो. त्यामुळे केंद्रचालक 'टाकून बघू' म्हणतो आणि आठ दिवसांनी अर्ज परत येतो. मे-जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत तरी एका अनुभवी अव्वल कारकुनाला सकाळचे दोन तास सेतूत बसवा. त्याचे काम एकच: अर्ज भरण्यापूर्वी कागद पाहणे आणि 'हे पुरे' किंवा 'हे एवढेच आणा' असे लिहून देणे. आतले त्याचे काम दोन तासांनी मागे पडेल अशी ओरड होईल. प्रत्यक्षात त्रुटीत परत जाऊन पुन्हा येणारे अर्ज कमी झाल्याने त्याचे आतले काम हलके होते, पण हे त्याला पहिले दोन आठवडे पटणार नाही, तोवर तुम्हाला ठाम राहावे लागेल.

यासंदर्भात आपल्याच राज्यातला एक जुना प्रयोग तुम्हाला ठाऊक असायला हवा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची जी फेरमांडणी केली ती 'लखीना पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. आजही दप्तर तपासणीत सहा गठ्ठे पद्धतीचे (टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याचे) नाव निघते ते तिथूनच. लोकांच्या आठवणीत त्यातली नागरिकांसाठीची खिडकी आणि बसण्याची व्यवस्था राहिली. मात्र त्या व्यवस्थेचा पाया अभिलेखांचे वर्गीकरण हा होता. कोणता कागद किती काळ जपायचा याची अ, ब, क, ड वर्गवारी नीट लागली, चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात आणि प्रतीक्षाधीन दुसऱ्यात बांधली गेली, म्हणून समोरच्या माणसाला त्याच्या कागदाचा पत्ता सांगता आला. कागद सापडत नसेल तर कितीही गोड बोललात तरी 'उद्या या' याशिवाय तुमच्याकडे उत्तर नसते.

जातीच्या दाखल्यात हे रोज दिसते. इतर मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुरावा बऱ्याचदा आपल्याच अभिलेख कक्षात, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकात, पडलेला असतो, कधी मोडी लिपीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर झाला तेव्हा मोडी वाचकांची टंचाई सगळ्यांना जाणवली. त्या वेळी तुमच्या तालुक्यात जे दप्तर उघडले, वाचले आणि स्कॅन केले गेले असेल, त्याची गावनिहाय सूची करून ठेवली आहे का, ते आधी पाहा. नसेल तर रंगकामापेक्षा त्या सूचीवर पैसा खर्च करा.

ऑनलाइन सेवेविषयी थोडेच सांगतो. अर्ज संकेतस्थळावर गेला म्हणजे खेप संपली असे नाही. बऱ्याचदा ती तहसीलमधून चौकातल्या केंद्रावर सरकते. छायाचित्राचा आकार किलोबाइटमध्ये बसत नाही, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना, ओटीपी भलत्याच्याच फोनवर, उसाच्या तोडणीत झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. यातले पुष्कळसे तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ती भाषा. 'आपला अर्ज डेस्क 2 स्तरावर प्रक्रियाधीन आहे' हा संदेश वाचून अर्जदार दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर होतो, कारण त्याला त्यातून काहीच कळलेले नसते. 'तुमचा अर्ज तपासून झाला. कागद पुरेसे आहेत. दाखला 14 तारखेपर्यंत मिळेल. कार्यालयात येऊ नये' असा निरोप गेला तर तो घरी थांबतो. संकेतस्थळाचा संदेश तुम्हाला बदलता येत नसेल, तर त्रुटीचा शेरा लिहिताना तरी 'सादर पुरावे ग्राह्य नाहीत' असे लिहू देऊ नका. 'वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा' असे लिहायला लावा. लोक एजंटाकडे का जातात याचे उत्तरही इथेच आहे. एजंट काय लागेल ते एकदाच सांगतो, किती पैसे ते एकदाच सांगतो आणि काम कुठवर आले ते फोनवर सांगतो. या तीनपैकी एकही गोष्ट बेकायदा नाही आणि आपण तिन्ही फुकट देऊ शकतो.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. पदे रिक्त, निवडणुकीचे काम, पीक पाहणी, अवकाळीचे पंचनामे, वरून रोज नवा तक्ता. या सगळ्यांत खिडकीवरच्या माणसाने हसतमुख राहावे ही अपेक्षा मी कधी केली नाही. खेपा कमी झाल्या की गर्दी कमी होते आणि गर्दी कमी झाली की आवाज आपोआप खाली येतो; हा क्रम उलटा चालत नाही. 'बदली आणि दप्तर दिरंगाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 2005 च्या कायद्यात कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये अशी तरतूद आहे. ती धाक दाखवण्यासाठी वापरू नका. आठवड्यातून एकदा सगळ्या टेबलांवरच्या सात दिवसांवरील फाईल एकत्र काढा आणि कुठे अडले आहे ते विचारा. निम्म्या वेळी उत्तर 'साहेब, तुमच्याचकडे आहे' असे मिळेल, याची तयारी ठेवा.

सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारले आहे. सगळ्या सेवा एकदम हाती घेऊ नका. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्न, रहिवास आणि नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) यांची झुंबड दरवर्षी त्याच आठवड्यांत उडते, तरी दरवर्षी ती अचानक आल्यासारखी आपण वागतो. जातीच्या दाखल्याला आणि नॉन-क्रिमीलेअरला 45 दिवसांची मुदत आहे, म्हणजे जूनच्या मध्यावर आलेल्या अर्जाचा दाखला प्रवेशाच्या तारखेपर्यंत मिळाला नाही, तरी कायद्याची मुदत मोडलेली नसते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत शाळांमधून अर्ज घ्या, महाराजस्व अभियानाची (महसूल खात्याच्या लोकांपर्यंत जाण्याच्या मोहिमेची) शिबिरे त्यासाठीच वापरा. रहिवास आणि जातीचे दाखले तेव्हाच देऊन टाका. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला कालबाह्य होतो, त्यामुळे तो एप्रिलनंतरच घ्यायला सांगा आणि त्याचे कारणही सांगा, नाहीतर जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये नाकारला गेल्यावर आणखी एक खेप तुमच्या वहीत चढेल. फोनवरून खेपा मोजण्याचे काम मात्र आत्ताच, या महिन्यात करून घ्या, म्हणजे पुढच्या जूननंतर तेच चार प्रश्न पुन्हा विचारून दोन्ही वह्या शेजारी ठेवता येतील.